गालातला कापूस आणि माझे कान

मित्रांनो, मी एक जुना डेटाबेस आहे. शब्द ऐकून घाबरू नका. डेटाबेस म्हणजे संगणकात नीट लावून ठेवलेल्या नोंदींचे कोठार. मला हात नाहीत, पाय नाहीत, तोंड तर मुळीच नाही. पण गंमत अशी, की माझे सारे आयुष्य लोकांच्या तोंडांत डोकावण्यात गेले. मी एका दातांच्या रुग्णालयात, तळमजल्यावरच्या नोंदणीच्या खिडकीमागे राहतो. कुणाची कोणती दाढ काढली, कुणाला कवळी बसवली, कुणाला कोणते औषध चालत नाही, हे सगळे माझ्यापाशी असते. नावे मात्र मी तुम्हाला एकही सांगणार नाही. रुग्णाचे नाव बाहेर बोलायचे नसते, ही माझी पहिली शिकवण आहे आणि ती मी आजवर मोडलेली नाही.

माझ्या जन्माआधी या खोलीत पत्र्याची चार कपाटे होती. त्यांत एकतीस हजार कार्डे. कपाटांचे खण ओढले की कर्र असा आवाज येई आणि खिडकीसमोर रांगेत उभे असलेले, आधीच दातदुखीने बेजार झालेले लोक डोळे मिटून घेत. त्या कपाटांवर राज्य होते नोंदणीच्या काकूंचे. त्यांना सगळे रुग्णालय काकूच म्हणे. मोठे डॉक्टर वयाने त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे होते, पण तेही काकू म्हणत.

मला तयार करून खोलीत बसवले तेव्हा मी अगदी रिकामा होतो. कार्डांवरचे एकेक नाव माझ्यात भरण्याचे काम काकूंकडे आले. दुपारी दोनला खिडकी बंद झाली की त्या चष्मा पुसून बसत आणि पाचपर्यंत दोन बोटांनी टकटक करत राहत. चौदा महिने हे चालले. पहिले कार्ड त्यांनी स्वतःचेच घेतले. "बिघडलं तर माझंच बिघडू दे," असे म्हणून त्यांनी ते भरले आणि शेवटी एक लाल खूण केली.

त्या लाल खुणेबद्दल तुम्हाला सांगायलाच हवे. दात काढण्याआधी हिरडी बधिर करायला एक नेहमीचे इंजेक्शन देतात. हजारो लोकांना ते सोसते, पण एखाद्यालाच सोसत नाही. त्याचा श्वास कोंडतो आणि जिवावर बेतते. काकू नोकरीला लागण्याच्या कितीतरी आधी, तरुणपणी, याच रुग्णालयात त्यांच्यावर ती वेळ आली होती. त्या वाचल्या. तेव्हापासून ज्याला ते इंजेक्शन चालत नाही त्याच्या कार्डावर लाल खूण असे, म्हणजे डॉक्टर दुसरे औषध वापरत. सगळ्या कार्डांत मिळून अशा खुणा होत्या अवघ्या त्र्याऐंशी. काकूंनी त्या भरताना प्रत्येक वेळी चष्मा काढून पुन्हा लावला.

आता माझ्या ऐन उमेदीच्या दिवसांबद्दल सांगतो, आणि जरा फुशारकी मारली तर सोडून द्या. नाव टाइप करा, कळ दाबा, की चुटकी वाजायच्या आत मी नोंद पुढे करत असे. पाहणीला आलेल्या मंडळींसमोर मोठ्या डॉक्टरांनी हातातले घड्याळ काढून माझी परीक्षा घेतली, आणि मंडळींनी माना डोलावल्या. मी फार नेमका होतो. अक्षराला अक्षर जुळले तरच माझ्याकडून उत्तर मिळे. ऱ्हस्वाच्या जागी दीर्घ पडला, 'ण'च्या जागी 'न' आला, की मी ओळख दाखवत नसे. "नोंद आढळली नाही," एवढेच तीन शब्द पडद्यावर उमटत. माझा हा करारीपणा पाहून रुग्णालयात मला मास्तर हे नाव पडले. मला ते कौतुकच वाटले. नाव मोठे आणि लक्षण खोटे म्हणतात, ते कुणाला उद्देशून, हे मला फार उशिरा कळले.

मित्रांनो, जरा विचार करा. दातांच्या रुग्णालयाच्या खिडकीशी येऊन आपले नाव कोण सांगते? ज्याचा गाल पोळीसारखा फुगला आहे तो. ज्याचा जबडा उघडत नाही तो. ज्याच्या तोंडात रक्त थांबवायला कापसाचा बोळा आहे तो. ओठ मिटत नाहीत तेव्हा 'प'चा 'ह' होतो आणि 'म'चा 'व' होतो. पुढचे दात पडले की 'स' निसटून 'थ' होतो. जीभ बधिर झाली की 'र' बिचारा 'ल'च्या घरी राहायला जातो. खिडकीतला माणूस ऐकू येईल तसे लिहितो. मग एकच गृहस्थ दाढ दुखताना एका नावाने माझ्याकडे यायचा, दाढ निघाल्यावर दुसऱ्या नावाने, आणि कवळी बसल्यावर तिसऱ्या. माझ्या लेखी ती तीन वेगळी माणसे असत, आणि याची मला जराही लाज वाटत नसे.

काकूंकडे मात्र यावर तोडगा होता. खिडकीच्या कट्ट्यावर त्यांची एक पत्र्याची डबी असे, आत कापसाचे बोळे. जुना रुग्ण असूनही त्याची नोंद मी नाकारली, की काकू एक बोळा गालात धरत आणि त्या माणसाचे नाव हळूच स्वतःशी म्हणत. एकदा डाव्या गालात, एकदा उजव्या. जे वेडेवाकडे ऐकू येईल ते मला टाइप करून देत. तिसऱ्या-चौथ्या खेपेला नोंद सापडे. रांगेतले लोक आपले दुखणे विसरून हसत. मी हसत नसे. मला वाटे, काय हा पोरकटपणा.

पुढे काकूंच्या हाताखाली एक नवे लिपिक आले. ते रोज टाय लावून येत, म्हणून सगळे त्यांना टायवाले म्हणू लागले. टायवाले कामाला चोख होते आणि माझ्यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. तिथेच घात झाला.

काकू आठ दिवसांच्या रजेवर बहिणीकडे गेल्या होत्या. त्या आठवड्यात एक शिंपी आला. दाढदुखीने त्याचा पिच्छा पुरवला होता. पूर्वी कधीतरी इथे येऊन गेलोय, असे तो म्हणाला. काय झाले होते ते त्याला धड आठवत नव्हते. टायवाल्यांनी त्याचे नाव टाइप केले. मी माझ्या सवयीने सांगितले, नोंद आढळली नाही. त्यांनी नवी नोंद केली, तिच्यावर लाल खूण कुठून असणार? वर डॉक्टरांनी नेहमीचे इंजेक्शन दिले आणि पाचव्या मिनिटाला शिंप्याचा श्वास कोंडला. डॉक्टर हुशार आणि हजर होते, म्हणून तो वाचला. तीन दिवस राहून तो आपल्या पायांनी घरी गेला, ही देवाचीच कृपा.

काकू परत आल्या, सगळे ऐकले आणि डबीतला एक बोळा गालात घातला. चार मिनिटांत शिंप्याची जुनी नोंद निघाली, लाल खुणेसकट. फरक होता तो पहिल्या अक्षराचा. पूर्वी सुजलेल्या ओठांनी सांगितलेल्या 'प'चा कुणीतरी 'ह' लिहिला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा! टायवाल्यांचे तोंड इतके उतरले, की काकूंनी त्यांना बोल लावला नाही. त्या माझ्यापुढे येऊन बसल्या.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "दोन महिन्यांनी मी निवृत्त होणार. मग या खिडकीत कापूस कोण चघळणार? तुम्हाला कान कधी येणार?"

मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. माझ्यात त्र्याऐंशी लाल खुणा होत्या, आणि त्यांतल्या किती अशा चुकलेल्या अक्षरांमागे दडून बसल्या आहेत हे मलाच ठाऊक नव्हते.

काकू थेट मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या आणि आठवड्याभरात एक सॉफ्टवेअरवाली मुलगी माझ्याकडे आली. मुलगी म्हणजे चांगली तिशीची, पण काकूंच्या लेखी मुलगीच. तिने सांगितले, की नावे अक्षरांवरून शोधण्याऐवजी उच्चारांवरून शोधायची. म्हणजे प्रत्येक नावाच्या बाजूला त्याच्या उच्चाराची एक छोटी खूण लिहून ठेवायची. सारखी ऐकू येणारी नावे सारख्याच खुणेची होतात. ऱ्हस्व-दीर्घ एक धरायचे, श-ष-स एका घरात, न आणि ण भावंडे. यासाठी तिच्याकडे एक तयार नियमावली होती. दोन दिवसांत तिने ती माझ्यात बसवली. मला एकदम हलके वाटले. पूर्वी दारातून परत पाठवलेली कितीतरी नावे मी भराभर पुढे करू लागलो.

काकूंनी शिंप्याचे बरोबर नाव टाइप केले. त्याची जुनी नोंद काही मी दाखवली नाही.

मुलीने हात टेकले नाहीत, कारण शोधले. तिच्या नियमावलीचा पहिल्या अक्षरावर आंधळा विश्वास होता; पुढचे काही चुकले तरी चालेल, पहिले अक्षर बरोबरच असणार, असे ती धरून चालत होती.

"काकू, पहिलं अक्षर सहसा कुणी चुकत नाही," मुलगी म्हणाली.

काकूंनी डबी तिच्यापुढे सरकवली. "हा बोळा घे. वरच्या ओठाखाली धर आणि आता तुझं नाव सांग."

मुलीने नाव सांगितले. जे बाहेर आले ते ऐकून ती स्वतःच हसत सुटली, आणि बोळा गिळता गिळता वाचली. मग तिने वही काढली आणि पहिल्या पानावर काहीतरी लिहिले. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात. माझे कान मात्र नोंदणीच्या काकूंनी टोचले.

त्यानंतरच्या दुपारी मी कधी विसरणार नाही. दोन वाजता खिडकी बंद झाली, की खोलीत माणसे गोळा होत. परिचारिका, सफाईवाल्या मावशी, पहारेकरी, कवळ्या बनवणारे कारागीर, एकेक जण गालात, ओठाखाली, जिभेवर कापूस धरून स्वतःची, शेजाऱ्यांची, मेहुण्यांची नावे म्हणे. मुलगी डोळे मिटून ऐके आणि कोणते अक्षर कोणत्या अक्षराच्या घरी गेले ते टिपे. मोठे डॉक्टरही आले. दोन्ही गालांत बोळे घालून त्यांनी आपले नाव पदवीसकट सांगितले. पहारेकऱ्याने ते ऐकून "असा कुणी माणूस इथे नाही" म्हटले, तेव्हा सगळ्यांची हसून पुरेवाट झाली. एकोणीस दिवसांत भिंतीवर एक मोठा तक्ता लागला. कुठे सूज आली की काय बिघडते, कोणता दात नसला की काय निसटते, सगळे त्यावर होते. असा तक्ता कुठल्या पुस्तकात नव्हता. तो या खोलीतल्या तोंडांतून निघाला होता.

हे सगळे सुरळीत झाले असे समजू नका. तक्ता माझ्यात बसवला आणि माझे ताळतंत्रच सुटले. कोणतेही नाव विचारा, मी पाचशे नावे पुढे ओतत असे. काकू वैतागल्या. आधी हा कुणालाच ओळखत नव्हता, आता दिसेल त्याला मामा म्हणत सुटलाय, असे त्या म्हणाल्या. मग मुलीने मला शिस्त लावली. तंतोतंत जुळणारे नाव सगळ्यांत वर, त्याखाली जवळचे, आणि वय व राहण्याचा रस्ता जुळला तर ते आणखी वर. लाल खूण असलेली नोंद यादीतून कधीही गाळायची नाही. आणि नेमके काही सापडले नाही, तर "नोंद आढळली नाही" म्हणण्याआधी मी विचारायचे, "हे का?"

हे दोन शब्द शिकायला मला एवढी वर्षे लागली.

नव्या कानांनी मी स्वतःलाच तपासले. सहाशे चाळीस माणसे माझ्यात दोन-दोनदा राहत होती. टायवाल्यांनी प्रत्येकाला फोन करून, खात्री करूनच त्यांना एकत्र आणले. नुसती सारखी ऐकू आली म्हणून दोन नावे जोडायची नाहीत, अशी काकूंची ताकीद होती. त्यात सात लाल खुणा योग्य माणसापाशी पोहोचल्या. सातवी पोहोचली, तेव्हा काकूंच्या निवृत्तीला तीन दिवस राहिले होते. शेवटच्या दिवशी त्यांनी डबी कट्ट्यावरच ठेवली. "असू दे, कधी वीज गेली तर," असे म्हणून त्या गेल्या.

तीन वर्षे लोटली. तक्ता भिंतीवरून उतरला, खोलीला नवा रंग लागला. माझ्यानंतर आलेली यंत्रे चकचकीत होती आणि माझ्याकडे आता कुणी घड्याळ लावून पाहत नसे. कान आहेत हे सगळ्यांनी गृहीत धरले होते. थोडे वाईट वाटे, खोटे कशाला बोलू.

मग एके दिवशी सकाळी, साडेअकराच्या सुमाराला, चाकांच्या खुर्चीतून एक बाई आल्या. हनुवटीपासून डोळ्यापर्यंत चेहरा सुजलेला, डोक्यावरून गालाभोवती गुंडाळलेला स्कार्फ, अंगात सणसणून ताप. दाढेतला पू गळ्याकडे उतरत होता. खुर्चीमागे त्यांच्या इमारतीतल्या शेजारीणबाई होत्या.

टायवाल्यांनी नाव विचारले. शेजारीणबाई गोंधळल्या.

"नाव? अहो, आम्ही त्यांना वरच्या काकू म्हणतो. वीस वर्षं झाली, नाव विचारायची वेळच आली नाही."

या शहरात काकू काय थोड्या आहेत! टायवाल्यांनी कागद-पेन पुढे केले, पण तापाने फणफणलेल्या बाईंच्या हातून एक वाकडी रेघ तेवढी उमटली. दारावरच्या पहारेकऱ्याने आधीच वर कळवले होते, एवढ्यात तातडीच्या विभागातल्या डॉक्टरांचा फोन आला. पू आत्ताच्या आत्ता काढावा लागेल, इंजेक्शन भरून तयार आहे, जुनी नोंद असली तर लगेच सांगा. थांबायला वेळ नव्हता.

टायवाले खिडकीतून निम्मे बाहेर वाकले आणि कान बाईंच्या तोंडाशी नेला. ओठ मिटत नव्हते, जबडा उघडत नव्हता. जे काही ऐकू आले ते त्यांनी जसेच्या तसे टाइप केले. ते 'व'ने सुरू होत होते.

माझ्याकडे असे नाव नव्हते. पूर्वीचा मी असतो, तर तीन शब्द सांगून मोकळा झालो असतो. पण आता मी ऐकले. ओठ मिटत नसतील, तर हा 'व' मुळात 'म' असेल. जबडा अडला असेल, तर हा 'ए' मुळात 'आ' असेल. अकरा नावे निघाली. शेजारीणबाईंनी सांगितलेला रस्ता पाहिला, साठीच्या पुढचे वय पाहिले, आणि सगळ्यांत वर एकच नोंद उरली. ती माझ्यातली पहिली नोंद होती. "हे का?" मी विचारले, आणि शेजारी लाल खूण.

टायवाल्यांनी पडद्याकडे पाहिले, मग खुर्चीकडे. "काकू?" ते म्हणाले. बाईंनी सुजलेला डोळा किलकिला केला. टायवाले फोनमध्ये लाल खूण आहे असे ओरडले, फोन तसाच टाकून खुर्ची ढकलत धावले; त्यांचा टाय खांद्यावरून पाठीमागे उडालेला मी शेवटचा पाहिला.

ती काही मिनिटे मी कशी काढली, माझे मला ठाऊक. मग वरून माझ्यात एक नवी ओळ उमटली: 'नेहमीचे इंजेक्शन दिले नाही. दुसरे औषध वापरले. पू काढला. श्वास व्यवस्थित.' मित्रांनो, मला जीव नाही असे जाणकार म्हणतात. पण त्या क्षणी जे काही भांड्यात पडले ते जीव नसेल, तर काय होते ते त्यांनीच सांगावे.

पाचव्या दिवशी काकू घरी निघाल्या. जाताना खिडकीशी थांबल्या. या वेळी गालात खरोखरच डॉक्टरांनी ठेवलेला बोळा होता. टायवाल्यांनी पडदा त्यांच्याकडे वळवला आणि नोंदीखालची एक ओळ दाखवली. 'असेही ऐकू आले' अशा जागी त्या दिवशीचे ते वेडेवाकडे, 'व'ने सुरू होणारे नाव त्यांनी लिहून ठेवले होते. "चुकीचं आहे, पुसून टाकू का?" त्यांनी विचारले.

काकू बोलल्या ते कापसातून आले, पण टायवाल्यांना ते बरोबर कळले आणि मलाही.

"राहू दे. ते पण माझंच आहे."

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे. केव्हातरी माझ्या नोंदी नव्या यंत्रात हलवतील. हलवा, पण माझे कान मागे ठेवू नका. आमच्यासारख्यांना वरचेवर तपासत जा, आमच्यातल्या चुका शोधत जा. आम्ही आपणहून कधी कबूल करत नाही. आणि तुमच्या खिडकीशी कुणी अडखळत काही सांगत असेल, तर नाही म्हणण्याआधी एकदा विचारून पाहा, हे का?

कापसाची डबी अजून कट्ट्यावर आहे. आणि काकू, तुमची पुढची तपासणी सहा महिन्यांनी आहे. या वेळेवर. नाव कसेही सांगा.